तुरटाची गोडी

जून लागला की नागपुरात रस्त्याच्या कडेला जांभळांच्या टोपल्या दिसू लागतात. मीठ भुरभुरवलेले जांभूळ तोंडात टाकावे. आधी ते गोड लागते, मग आंबट, आणि बी थुंकून टाकेपर्यंत हिरड्या आवळून येतात, जीभ टाळ्याला चिकटते, ओठांची आतली बाजू खरखरीत होते. हा शेवटचा अनुभव म्हणजे तुरटपणा. आवळ्यात तो आहे, कच्च्या केळ्यात आहे, सुपारीत आहे, हिरड्यात तर पुरेपूर आहे. आयुर्वेदाने त्याला षड्रसांत बसवले: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. मराठी घरातले लहान मूलसुद्धा 'तुरट लागतंय' असे सहज सांगते.

इटलीची उत्तम तांबडी वाईन समजून घ्यायची असेल, तर आपल्याजवळचा हा शब्द सगळ्यांत कामाचा आहे. पहिल्यांदा अशी वाईन चाखणारा बहुतेक वेळा तोंड वाकडे करून म्हणतो, 'ही तर तुरट आहे.' त्याला वाटते आपल्याला वाईनमधले कळत नाही. खरे तर त्याने पहिल्याच घोटात वाईनचा कणा ओळखलेला असतो. वाईन चाखायला परदेशी फुलाफळांची नावे पाठ करावी लागतात, हा समज सोडून द्यावा. सहा चवी नीट ओळखणारी जीभ आणि ताटातला पदार्थ, एवढ्यावर फार पुढे जाता येते.

तुरटपणा येतो कुठून

काळ्या द्राक्षाचा गर बहुधा पांढुरकाच असतो. रंग सालीत असतो आणि तुरटपणा साल व बियांत. पांढरी वाईन करताना रस काढून साल बाजूला टाकतात. तांबडी वाईन करताना साल, बिया आणि रस एकत्र आंबवतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करत असते, तेव्हाच सालीतला रंग आणि टॅनिन नावाची द्रव्ये रसात उतरतात. पुढे ओकच्या लाकडी पिंपात वाईन मुरवली, तर लाकडातलेही थोडे टॅनिन त्यात येते.

आपली लाळ बुळबुळीत असते ती तिच्यातल्या प्रथिनांमुळे. टॅनिन या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करते. तोंडातले वंगणच निघून जाते, आणि म्हणून हिरड्या कोरड्या व खरखरीत लागतात. तुरटपणा असा चवीइतकाच स्पर्शाचाही अनुभव आहे.

याचा पुरावा वाईनशिवाय, घरच्या घरी मिळतो. बिनसाखरेचा, बिनदुधाचा काळा चहा भरपूर उकळून कडक करा आणि कोमट झाल्यावर एक घोट तोंडात फिरवा. हिरड्या आवळतील. आता खव्याचा किंवा पनीरचा एक तुकडा चावून पुन्हा तोच चहा घ्या. तुरटपणा निम्म्यावर आल्यासारखा वाटेल, कारण टॅनिनला धरायला लाळेऐवजी दुधातली प्रथिने मिळाली. चहात दूध घातल्यावर तो मऊ लागतो, त्यामागेही हेच आहे. मटणाबरोबर तांबडी वाईन शोभते ती याच न्यायाने. मांसातली प्रथिने आणि चरबी टॅनिन पेलतात, आणि वाईनचा आंबटपणा व तुरटपणा जिभेवरचा तुपट थर पुसून काढतो. पुढचा घास पहिल्या घासासारखा ताजा लागतो.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. बाटलीवर 'ड्राय' लिहिलेले असते, त्याचा अर्थ तुरट नव्हे. ड्राय म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही अशी वाईन. तुरटपणाचे माप त्या शब्दात नसते.

टस्कनी ते अकलूज

इटलीत द्राक्षांच्या शेकडो जाती आहेत. त्यांतली सर्वाधिक लागवडीची काळी जात म्हणजे सांजोवेझे. जुपिटर देवाचे रक्त अशी तिच्या नावाची व्युत्पत्ती परंपरेने सांगतात. मध्य इटलीतला टस्कनी प्रांत हे तिचे घर. फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधल्या टेकड्यांवर होणारी कियांती याच द्राक्षाची. कियांतीच्या सीमा टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने 1716 मध्ये जाहीरनामा काढून आखून दिल्या. गावाचे नाव आणि मालाचा दर्जा यांची कायद्याने घातलेली ती फार जुनी सांगड. आज नागपुरी संत्र्याला आणि भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामागचा विचार तोच. त्या जुन्या पट्ट्यातल्या कियांती क्लासिको वाईनमध्ये किमान 80 टक्के सांजोवेझे असावी लागते, आणि बाटलीच्या गळ्यावर काळ्या कोंबड्याची खूण असते.

सिएनाच्या दक्षिणेला मोंताल्चीनो नावाचे डोंगरावरचे गाव आहे. तिथली ब्रुनेल्लो ही निव्वळ सांजोवेझेची वाईन. द्राक्षे तोडल्यानंतरच्या पाचव्या वर्षाची 1 जानेवारी उजाडेपर्यंत ती बाजारात आणता येत नाही, आणि मधल्या काळात किमान दोन वर्षे ती लाकडात असावी लागते. 2019 च्या द्राक्षांची ब्रुनेल्लो जानेवारी 2024 मध्ये विक्रीला आली. एवढा धीर धरायचा तो तुरटपणासाठी. टॅनिनचे कण काळानुसार बदलत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि कोवळेपणी झोंबणारी वाईन मखमली होते. लोणचे मुरते म्हणजे काय, हे जिला माहीत आहे त्या जिभेला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हेच द्राक्ष आपल्या राज्यातही रुजले आहे. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातले अकलूज हे उसाचे आणि साखर कारखान्याचे गाव. 2007 च्या सुमारास तिथे वेगळीच लागवड सुरू झाली. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून वायनरी काढली आणि तिचे नाव ठेवले फ्रातेल्ली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. वाईन घडवायला टस्कनीचे पिएरो मासी आले. त्यांच्या 'सेत्ते' या वाईनमध्ये सांजोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचा मेळ आहे. सेत्ते म्हणजे सात.

टस्कनीत हिवाळ्याच्या थंडीत वेल झोपी जाते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. आपल्याकडे तिला झोपवण्याइतकी थंडीच नसते. म्हणून जे काम तिथे हवामान करते, ते इथे शेतकऱ्याची कात्री करते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून नुसत्या काड्या घ्यायच्या. पावसाळा सरता सरता दुसरी छाटणी, तिच्यातून फळ घ्यायचे. या दुसऱ्या छाटणीला द्राक्षबागायतदार 'गोडी छाटणी' म्हणतात. हिवाळ्यात घड भरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तोडणी होते. म्हणजे नागपुरात आंबिया बहाराचा संत्रा संपून मृगाचा बाजारात आलेला असतो, तेव्हा अकलूजला वाईनची द्राक्षे पिकत असतात.

डोळा, नाक, जीभ

चाखण्यासाठी देठाचा, वर निमुळता होत गेलेला साधा काचेचा ग्लास पुरे. तो एक तृतीयांशच भरावा. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून कडेचा रंग बघावा. कोवळी सांजोवेझे डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल दिसते. वय वाढते तशी तिची कड विटकरी, मग केशरट होत जाते. सांजोवेझे मुळात फार गडद नसते. ग्लासमधून बोटे अंधुक दिसली, तर वाईन पातळ आहे असे समजू नये.

मग ग्लास टेबलावर ठेवूनच दोन-तीनदा गोल फिरवावा आणि नाक आत घालावे. फिरवल्याने वाईनचा पृष्ठभाग वाढतो आणि वास मोकळे होतात. पुस्तकांत इथे आंबट चेरी, व्हायलेट, टोमॅटोचे पान, चामडे अशी नावे येतात. ज्याने ती फुले हुंगलीच नाहीत, त्याला ती नावे अडवतात. आपल्या नाकाच्या आठवणी आपण वापराव्यात. मला कोवळ्या सांजोवेझेत करवंद आणि आमसूल आठवते. थोड्या वेळाने ओव्याचे पान चुरगळल्यासारखा वास येतो. मुरलेल्या वाईनमध्ये सुक्या मनुका, चहाची कोरडी पत्ती, नव्या चपलेचे चामडे. काही बाटल्यांत जुन्या घरातल्या द्राक्षासवाच्या बाटलीचा भास होतो, आणि तो अगदी निराधार नाही. द्राक्षासवही मनुकांपासून आंबवूनच करतात, आणि त्यात घातली जाणारी धायटीची फुले टॅनिनने भरलेली असतात. विदर्भात ज्याने मोहफुले वेचली किंवा वाळताना हुंगली आहेत, त्याचे नाक आंबलेल्या गोडव्याचे बारकावे शहरातल्या कुणाहीपेक्षा लवकर पकडेल.

घोट लहान घ्यावा आणि लगेच गिळू नये. तोंडभर फिरवून पाहावा. क्रमाने विचारावे: गोडी आहे का? आंबट किती, म्हणजे गालांच्या आत पाणी किती सुटते? तुरट किती, आणि तो जांभळासारखा मऊ आहे की कच्च्या केळ्यासारखा ओढणारा? घशात ऊब किती? ही ऊब अल्कोहोलची, आणि या वाईनमध्ये ते साधारण 13 ते 14 टक्के असते. गिळल्यावर नाकाने हळू श्वास सोडावा. जेवताना आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग घशामागून नाकात पोचणारा वासच असतो. सर्दीत जेवण बेचव लागते ते त्यामुळेच. चांगली वाईन गिळून झाल्यावरही बराच वेळ तोंडात राहते, आणि राहताना बदलते.

नागपूरचा पारा

तांबडी वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. तो युरोपातल्या जुन्या दगडी घरांतून आला, जिथे खोलीचे तापमान 16 ते 18 अंश असायचे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अखंड चालवूनही घर तापलेलेच राहते. अशा खोलीत ओतलेल्या वाईनमध्ये अल्कोहोलच नाकात शिरते आणि फळ हरवते. फार गार केली, तर उलट तुरटपणा टोचू लागतो. म्हणून बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत बाटली पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, किंवा फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर राहू द्यावी. ग्लास हाताला गारसर लागावा, पण त्यावर घाम फुटू नये.

साठवण्याचा प्रश्न याहून मोठा आहे. मी एकदा भेट मिळालेली एक बाटली एप्रिल-मे स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळात ठेवली. पावसाळ्यात काढली तेव्हा बूच वर सरकलेले होते, आणि वाईनला मनुका उकळून आटवलेल्या पाण्याचा वास येत होता. आंबटपणाची धार गेली होती, उरला होता नुसता कडवटपणा. उन्हाळ्याने ती अक्षरशः शिजवली होती. वाईन आणताना तिने दुकानात उन्हाळा कुठे काढला, हे विचारायला संकोच करू नये. घरी ठेवायची तर फ्रिजचा सर्वांत खालचा कप्पा फडताळापेक्षा कितीतरी बरा.

सावजीची आग आणि वाईन

आता ताटाकडे वळू. नागपूर म्हटले की सावजी. हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून आलेला हा स्वयंपाक. भाजलेले धने, खसखस, सुके खोबरे, दगडफूल, सुंठ, लवंग, भरपूर काळे मिरे आणि मिरची, परंपरेने जवसाचे तेल, आणि वर काळपट लाल तर्री. मटणाबरोबर तांबडी वाईन हा नियम ऐकून पुष्कळजण सावजी मटण आणि ग्लास शेजारी ठेवतात, आणि दोन्ही बिघडतात.

कारण शरीरात आहे. तिखट ही जिभेवरची चव नसून उष्णतेची संवेदना आहे. मिरचीतले कॅप्सायसिन टीआरपीव्ही-1 नावाच्या ग्राहक प्रथिनाला जागे करते. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधले, आणि 2021 चे वैद्यकाचे नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. ते प्रथिन एरवी 42 अंशांच्या वरच्या उष्णतेला चाळवते. मिऱ्यातले पायपरिनही त्यालाच हात घालते. अल्कोहोलच्या संगतीत त्याचा उंबरठा 34 अंशांपर्यंत उतरतो. आपले शरीरच 37 अंशांचे. म्हणजे मिरचीने आधीच चेतलेल्या तोंडात 14 टक्क्यांची वाईन गेली की आग भडकते, आणि पोळलेल्या तोंडाला तुरटपणाही खडबडीत लागतो.

इतिहासही तेच सांगतो. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून, पंधराव्या-सोळाव्या शतकांत समुद्रमार्गे बाहेर पडली. मिरची पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि विदर्भाने ती आपली केली. इटलीने, दक्षिणेकडचा कालाब्रियासारखा भाग सोडला तर, टोमॅटो उचलला. त्यामुळे सांजोवेझे ज्या ताटाशेजारी वाढली, त्या ताटाला आंबट, खारट आणि तुपटाची सवय होती, तिखटाची नव्हती.

यावर सावजी फिके करणे हा उपाय नव्हे. तो त्या पदार्थाचा अपमान होईल. तर्रीवर ताव मारायचा असेल, तर शेजारी मठ्ठाच असावा, कारण दुधातली प्रथिने कॅप्सायसिन जिभेवरून उचलून नेतात. वाईनच हवी असेल, तर इटलीतलीच लाम्ब्रुस्को शोधावी. एमिलिया-रोमान्या प्रांतातली ही तांबडी वाईन फेसाळ असते, गार पितात, अल्कोहोल कमी असते, आणि तिचा 'अमाबिले' हा प्रकार थोडा गोड असतो. गोडी आणि गारवा आगीला आवरतात.

मग कशाबरोबर

वऱ्हाडी-नागपुरी ताटात सांजोवेझेला शोभणारे पुष्कळ काही आहे. पहिला मान वांग्याच्या भरिताचा. तुराट्यांच्या जाळावर भाजलेले वांगे, कांद्याची पात, कच्चे तेल, मिरची बेताची. धुराचा वास वाईनमधल्या लाकडाशी जुळतो आणि तेल तुरटपणा झेलते. दुसरा मान टोमॅटोच्या चटणीला, जिला वऱ्हाडात भेदरं म्हणतात. आंबट पदार्थाशेजारी कमी आंबट वाईन पाणचट लागते. सांजोवेझेचा आंबटपणा भेदराच्या बरोबरीने उभा राहतो. पाटोडी रस्सा करताना रश्शातले तिखट निम्मे करून पाटोडी मऊ ठेवली, तर बेसनाचा खमंगपणा कियांतीला फार छान साथ देतो. मटण करायचे तर सुके, मिरे-लवंगाचे, लाल तिखट जेमतेम. मिरचीचा जोर तेलात उतरतो, तेव्हा तर्री बाजूला सारली की आगीचा बराच भाग ताटाबाहेर जातो. ब्रुनेल्लोसारखी मुरलेली बाटली हाती आली, तर मंद आचेवर रात्रभर शिजलेले खूर करावेत. त्यांच्या चिकट, दाट रसाला एवढीच तोलामोलाची वाईन लागते.

आणि सोबत ज्वारीची भाकरी हवीच. टस्कनीच्या पावात परंपरेने मीठ घालत नाहीत. तो अळणी असतो, तर त्याच्याबरोबरचे मांस आणि चीज खारट असते. आपली भाकरीही अळणीच. ती मधे येऊन जीभ कोरी करते, म्हणजे पुढचा घोट आणि पुढचा घास दोन्ही स्पष्ट कळतात. दोन शेतकरी मुलुखांनी एकमेकांना न विचारता तीच युक्ती काढली, याचे मला फार अप्रूप वाटते.

काय टाळावे तेही थोडक्यात. नदीच्या मासळीबरोबर ही वाईन लोखंडी लागते, वाईनमधले लोह त्याला कारणीभूत ठरते. संत्रा बर्फीबरोबर ती एकदम आंबट आणि पोकळ वाटते, कारण गोडाचा नियम असा की वाईन पदार्थाहून गोड हवी. टस्कनीत त्यासाठी वाळवलेल्या द्राक्षांची 'विन सान्तो' असते. आणि चखणा म्हणून शेव-चिवडा खात जेवणाआधीच बाटली संपवणे हा या वाईनचा उपयोगच नव्हे. ती जेवणाबरोबर, ग्लास-दोन ग्लासांत संपणारी गोष्ट आहे. पलीकडे वर्धा जिल्ह्यात, गांधीजी-विनोबांच्या कर्मभूमीत, दारूबंदी आहे. तिथल्या पाहुणचाराला जाताना बाटली नागपुरातच ठेवावी. आणि जो घेत नाही त्याला आग्रह कधीच करू नये.

अकलूजला असो की मोंताल्चीनोला, तोडणीचा दिवस ठरवताना यंत्राने साखर मोजतात, पण तेवढ्यावर कुणी थांबत नाही. वाईन घडवणारा वेलीखाली उभा राहून मणी तोडतो, साल चघळतो, आणि मग बी दाताखाली फोडतो. बी हिरवी असेल तर तोंड कडू होते, हिरड्या ओढल्या जातात, आणि तोडणी पुढे ढकलली जाते. बी तपकिरी झाली, भाजल्या दाण्यासारखी कुरकुरली आणि तुरटपणा मऊ पडला, की मजुरांना निरोप जातो. जांभळाच्या टोपलीपाशी आपण जे ओळखतो, तेच तो बागेत उभा राहून ओळखत असतो.